साडेपाच नॅनोमीटरचा जमाखर्च

रात्री खोलीतले दिवे मालवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोटं घट्ट दाबून धरा. बोटं लालभडक उजळतात. लहानपणी हातात बॅटरी आली की हा खेळ आपण सगळ्यांनी केलेला असतो. आता जरा निरखून बघा. बोटांत हाडं आहेत, पण त्यांची सावली कुठेच नाही. उजेड आरपार आला, आतलं चित्र मात्र आलं नाही.

उजेड लालच का आला आणि हाडं का दिसली नाहीत, हे दोन प्रश्न सुटले की पुढचं बरंचसं सोपं होतं.

लाल रंगाचं कारण रक्तातलं हिमोग्लोबिन. निळा, हिरवा, पिवळा प्रकाश ते गिळून टाकतं; साधारण ६५० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे गडद लालपासून, त्याची भूक मंदावते. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा.) करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच जागेचा फायदा घेतो. त्याच्या चिमट्यात एक लाल दिवा असतो, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि एक आपल्याला न दिसणारा, ९४० च्या आसपासचा. दोन्ही बोटातून पार होतात. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन त्यांना कमीजास्त अडवतं आणि त्या फरकावरून आपल्याला तो ९७-९८ चा आकडा मिळतो.

हाडं न दिसण्याचं कारण वेगळं. पेल्यातल्या पाण्यात दोन चमचे दूध घाला आणि पेल्यामागे बोट धरा. पेला उजेडात पांढराशुभ्र दिसतो, बोट दिसत नाही. दूध प्रकाश पीत नाही, नुसता विस्कटतं. आपल्या शरीरातही तेच चालतं. पेशींच्या भिंती, चरबीचे थेंब, स्नायूंचे धागे, जिथे जिथे माध्यम बदलतं तिथे प्रकाश दिशा बदलतो, आणि काही मिलिमीटरांत तो कुठून निघाला होता हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. हे विस्कटणं तरंगलांबी वाढेल तसं कमी होतं. म्हणून शरीराच्या आत बघायचं तर लालच्या पलीकडे, अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशात जायला हवं.

तिथेही मोकळं रान नाही. पुढे पाणी आडवं येतं, आणि शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच. ९७० च्या आसपास त्याचा एक छोटा उंचवटा आहे, १४५० पाशी चांगली भिंत आहे. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते तिला या क्षेत्रातले लोक खिडकी म्हणतात. पहिली खिडकी ७०० ते ९०० नॅनोमीटर, दुसरी साधारण १००० ते १७००, मधली ती १४५० ची भिंत सोडून. दुसरीत विस्कटणं आणखी कमी, त्यामुळे चित्र आणखी रेखीव. शिवाय निळ्या-हिरव्या प्रकाशात शरीरातले कित्येक रेणू स्वतःच मिणमिणतात आणि चित्रावर धुकं पसरतं. या खिडक्यांमध्ये ते धुकं विरळ होत जातं.

खिडकी आहे, पण तिच्यातून दिसावं असं आत काही चमकत नाही. तो दिवा आपण बनवून आत सोडायचा असतो. हा लेख त्या दिव्याबद्दल आहे.

जुना दिवा, नवा दिवा

असा एक दिवा डॉक्टरांच्या हाती फार आधीपासून आहे. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग. फोटोग्राफीच्या फिल्म बनवणाऱ्या कोडॅकच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला आणि १९५९ मध्ये अमेरिकेत माणसांत टोचायला त्याला मंजुरी मिळाली. साधारण ८०० नॅनोमीटरचा प्रकाश तो शोषतो आणि ८३० च्या आसपासचा परत देतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या बघायला, यकृताचं काम तपासायला, शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा नीट आहे ना हे पाहायला तो आजही वापरतात. पण तो रेणू आहे, नाजूक आहे. सतत प्रकाश मारला की फिका पडत जातो. यकृत त्याला रक्तातून काही मिनिटांतच उचलून नेतं. आणि त्याचा रंग ठरलेला. मला ८३० नको, १२०० हवा, असं त्याला सांगता येत नाही.

हवा तो रंग मागता येतो तो क्वांटम डॉटकडे. हा सेमिकंडक्टरचा इवलासा स्फटिक, काही नॅनोमीटर रुंदीचा, काहीशे ते काही हजार अणूंचा. त्याच्यावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन वर उडतो आणि मागे एक रिकामी जागा सोडतो. इलेक्ट्रॉन परत त्या जागेत पडतो तेव्हा प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, बाहेर टाकतो. उडी किती उंच, यावर प्रकाशाचा रंग ठरतो. मोठ्या स्फटिकात ही उंची त्या पदार्थाची ठरलेली असते. पण स्फटिक इतका लहान केला की इलेक्ट्रॉनला हातपाय पसरायला जागा उरत नाही, तर उंची वाढते. सतारीच्या पडद्यावर बोट सरकवून तार आखूड केली की स्वर चढतो, तसंच हे. पदार्थ तोच, फक्त माप बदललं, रंग बदलला.

लेनिनग्राडमध्ये अलेक्सी एकिमोव्ह यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काचेत अडकलेल्या कॉपर क्लोराइडच्या कणांत हे पाहिलं. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लुई ब्रुस यांना १९८३ मध्ये द्रावणात तरंगणाऱ्या कणांत तेच दिसलं. १९९३ मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात मुंगी बावेंडी यांच्या गटानं हे कण एकसारख्या मापाचे बनवायची कृती दिली. तिघांना मिळून २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता एक छोटं गणित, ते पुढे सारखं लागेल. उडीची उंची इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सांगतात. १२४० ला त्या आकड्यानं भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या कॅडमियम सेलेनाइडची उंची १.७४. भागाकार आला ७१३ च्या आसपास. कण लहान केला की उंची वाढते, म्हणजे तरंगलांबी ७१३ हून कमीच होणार. टीव्हीच्या पडद्याला हे छान, लाल-हिरवे रंग मिळतात. आपल्या खिडकीच्या मात्र हा पदार्थ उंबऱ्यावरच थांबतो. आत जायचं तर मुळातच बुटक्या उडीचा पदार्थ हवा. इंडियम आर्सेनाइडची उडी ०.३६ ची, म्हणजे तरंगलांबी साधारण ३४०० नॅनोमीटर. तिथून माप कमी करत करत त्याला ओढून ८०० ला आणा, १३०० ला आणा, जिथे हवा तिथे थांबवा. लेड सल्फाइडचंही असंच. मी पुढे मुख्यतः इंडियम आर्सेनाइडबद्दलच बोलणार आहे, कारण रचनेची सगळी ओढाताण त्याच्यात स्वच्छ दिसते.

मोदकाची पारी

तीन नॅनोमीटरचा इंडियम आर्सेनाइडचा कण घ्या. हिशेब केला तर त्यात साधारण पाचशे अणू भरतात, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास अगदी वरच्या थरात असतात. आतल्या अणूला चारी बाजूंनी शेजारी आहेत. वरच्या अणूचा एखाद-दुसरा हात रिकामाच लोंबकळतो. असे लोंबकळते हात म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी खड्डे. वर उडालेला इलेक्ट्रॉन परतताना खड्ड्यात पडतो, आणि त्याची ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णता होऊन जाते. निम्मे अणू पृष्ठभागावर असलेल्या वस्तूत खड्डे किती असतील ते बघा. म्हणूनच उघडा कण बहुतेक वेळा मंदच असतो. शंभर फोटॉन गिळून एखाद-दोन परत देणारा.

उपाय म्हणजे गाभ्यावर दुसऱ्या पदार्थाचं स्फटिकी कवच चढवायचं. कवच अशा पदार्थाचं घ्यायचं की त्याची स्वतःची उडी बरीच उंच असेल, म्हणजे इलेक्ट्रॉनला ती भिंत वाटेल आणि तो आत गाभ्यातच राहील. लोंबकळते हात कवचातल्या अणूंच्या हातात जातात, खड्डे बुजतात. १९९६ मध्ये कॅडमियम सेलेनाइडवर झिंक सल्फाइडचं कवच चढवल्यावर शंभरातले पन्नास फोटॉन परत मिळू लागले. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, असे कवचधारी कण पेशी रंगवायला वापरल्याचे दोन शोधनिबंध आले.

कवच चढवणं म्हणजे रंगाचा हात फिरवणं नव्हे. इथे मला मोदकच आठवतो. सारण कितीही झकास असो, उकड नीट जमली नसेल तर पारी तडकते आणि सारण चाळणीत. स्फटिकाच्या पारीचं जमणं म्हणजे मापं जुळणं. प्रत्येक स्फटिकात अणू ठरावीक अंतरावर मांडलेले असतात. इंडियम आर्सेनाइडची चौकट ०.६०६ नॅनोमीटरची. झिंक सल्फाइडची ०.५४१. म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त तफावत. पहिला थर ओढूनताणून बसतो, दुसराही बसतो, मग ताण सहन न होऊन कवचात भेगा आणि वाकडेतिकडे थर. भेग म्हणजे नवा खड्डा. बुजवायला गेलो आणि नवे खणून आलो. झिंक सेलेनाइडची चौकट ०.५६७, तफावत सहा टक्क्यांच्या वर. बरं, पण फार बरं नाही. आणि कॅडमियम सेलेनाइड? ०.६०५. जणू एकाच साच्यातून काढलेली.

मग कॅडमियम सेलेनाइडचंच कवच का नको? कारण त्याची भिंत बुटकी आहे. इंडियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉन विलक्षण हलका असतो, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या मानानं त्याचं वजन जेमतेम चाळिसाव्या हिश्शाइतकं भरतं. हलकी चीज कोंडून ठेवणं अवघड. तो बुटक्या भिंतीतून झिरपून कवचाच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो आणि तिथले खड्डे त्याला गाठतातच. जेरुसलेममध्ये उरी बनिन यांच्या गटानं २००६ मध्ये दोन्हींची सांगड घातली. आधी कॅडमियम सेलेनाइडचा थर, मापाला जुळणारा, गादीसारखा; त्यावर झिंक सेलेनाइडचा, उंच भिंतीचा. गाभा, कवच, वरती दुसरं कवच. ९०० नॅनोमीटरच्या अलीकडे शंभरातले सत्तर फोटॉन परत, इथपर्यंत मजल गेली.

पण त्याच कामात, तीच रचना ठेवून गाभा मोठा करत १४०० च्या पुढे नेली तेव्हा आकडा दोन-तीन टक्क्यांवर उतरला. हे अपयश फार शिकवणारं आहे. कणाभोवती जी सेंद्रिय शेपटं असतात आणि जे पाणी असतं त्यात हायड्रोजन भरपूर. कार्बन-हायड्रोजनचा बंध तारेसारखा थरथरतो आणि एका थरथरीत ०.३६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मावते. हिरव्या प्रकाशाची उडी सव्वादोन इलेक्ट्रॉन-व्होल्टची. ती थरथरींत संपवायची तर एकदम सहा थरथरी जुळून याव्या लागतात, ते सहसा घडत नाही. १४०० नॅनोमीटरची उडी ०.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्टची. अडीच थरथरींत काम तमाम. उडी जितकी बुटकी, तितकी शेजारच्या हायड्रोजनला ती खायला सोपी. म्हणजे दिसणाऱ्या रंगांच्या कणांत कवच खड्डे बुजवण्यापुरतं असतं. अवरक्त कणांत त्याला इलेक्ट्रॉन आणि बाहेरचं जग यांत अंतरही राखावं लागतं. जाड कवच हवं. ही जाडी पुढे महागात पडते, ते बघूच.

चुलीवर

हे कण बनतात ते तीन तोंडांच्या काचेच्या चंबूत. उकळबिंदू खूप वर असलेलं एखादं तेलकट द्रावण, आतली हवा काढून आर्गॉन भरलेला, खाली तापवणारं आवरण, ३०० अंशांच्या आसपास तापमान, आणि आतला चुंबकी कांडीचा टकटकाट. इंडियमचं संयुग आधीच आत असतं. आर्सेनिकचं संयुग सिरिंजमध्ये. नेहमी वापरात असलेलं आर्सेनिकचं संयुग हवेत आलं की आपोआप पेट घेतं, आणि विषारी तर आहेच. त्यामुळे सिरिंज भरण्याचं काम बंद पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून. मग एका दमात ते गरम द्रावणात सोडायचं. क्षणात असंख्य बियाणी एकदम तयार होतात, द्रावण थंड होतं, नवी बियाणी थांबतात आणि आहेत तीच सावकाश वाढतात. सगळे एकाच वेळी जन्मले म्हणून सगळे एका मापाचे. ही १९९३ च्या कृतीची खुबी.

कॅडमियम सेलेनाइडवाल्यांचं बरं असतं. दर मिनिटाला काढलेले नमुने जांभळ्या दिव्याखाली मांडले की हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशी ओळ लागते आणि फोटो वर्षानुवर्षं पोस्टरवर झळकतात. अवरक्तवाल्यांची बाटली दुधाशिवायच्या कॉफीसारखी काळपट तपकिरी. जांभळ्या दिव्याखालीही काळपट तपकिरीच. चमकतोय की नाही हे फक्त यंत्र सांगतं.

इंडियम आर्सेनाइडची आणखी एक खोड आहे. सुरुवातीचा माल भराभर संपतो, आणि उपाशी राहिलेल्या द्रावणात मोठे कण लहान कणांना विरघळवून त्यांच्यावर वाढू लागतात. मापाची एकी बिघडते, रंग पसरट होतो. मोठे, म्हणजे लांब तरंगलांबीचे कण त्यामुळे नीट मिळतच नसत. २०१६ मध्ये एमआयटीच्या गटानं एकदम ओतण्याऐवजी पंपानं तासन्‌तास थोडं थोडं सोडत राहायची रीत काढली. कढईत एकदम न ओतता धार धरण्यासारखं.

कवचाची रीतही धार धरण्याचीच. द्रावणात किती कण आहेत, प्रत्येकाचा पृष्ठभाग किती, एका थराला किती अणू लागतील हे मोजायचं; तेवढंच कॅडमियम सोडायचं, ते चिकटू द्यायचं, मग तेवढंच सेलेनियम. मग पुढचा थर, पृष्ठभाग वाढला म्हणून थोडा जास्त. तापमान जपायचं. कमी पडलं की थर ओबडधोबड, आणि माल जास्त झाला की कवच चढण्याऐवजी कवचाच्या पदार्थाचे वेगळेच कण जन्माला येतात. झिंक सेलेनाइडचा एक थर ०.३३ नॅनोमीटरचा. तीन थर झाले की एक नॅनोमीटर. आणि कवच दोन्हीकडून चढतं, म्हणजे व्यासात दोनाची भर.

मूत्रपिंडाची चाळणी

चंबूतून निघालेला कण तेलात राहणारा असतो. अंगावर ओलेइक आम्लासारखी चरबीची शेपटं असतात. पाण्यात टाकला तर गोळा होऊन तळाशी बसतो. रक्त पाणीच आहे. म्हणून शेपटं काढून दुसरा पोशाख चढवावा लागतो. एक तर पॉलिमर किंवा फॉस्फोलिपिडचा घोळदार झब्बा, ज्यात कण सुरक्षित असतो, चमक टिकते, पण घेर वाढतो. किंवा सिस्टीनसारख्या छोट्या रेणूंची अंगाला चिकटून बसणारी बंडी. शरीर कणाला मोजतं ते पोशाखासकट. नुसतं मोजतच नाही. पोशाखावर विद्युतभार असेल तर रक्तातली प्रथिनं येऊन चिकटतात आणि घेर आणखी वाढतो. सिस्टीनचं कौतुक यासाठी की त्याच्यावर धन आणि ऋण दोन्ही भार असतात, एकूण शून्य, आणि प्रथिनं त्याच्याकडे फारशी फिरकत नाहीत.

२००७ मध्ये बॉस्टनमध्ये जॉन फ्रँजिओनी आणि बावेंडी यांच्या गटांनी सिस्टीनची बंडी घातलेले वेगवेगळ्या मापांचे कण उंदरांना टोचले आणि ते जातात कुठे ते पाहिलं. पोशाखासकट साडेपाच नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडाच्या चाळणीतून पडून लघवीवाटे भराभर बाहेर गेले. त्याहून मोठे मागे राहिले. मोठ्या कणांना यकृत आणि पाणथरी पकडून ठेवतात, आणि उंदरांत टोचलेले कण चार महिन्यांनीही चमकताना दिसल्याची नोंद त्याआधीच झालेली होती. चमकणारी वस्तू चार महिने टिकली ही प्रयोगशाळेत आनंदाची बातमी. कॅडमियम-आर्सेनिकची वस्तू चार महिने यकृतात बसली, ही रुग्णाला सांगायची बातमी नव्हे.

आता जमाखर्च मांडा. जमेला साडेपाच. गाभा दोन नॅनोमीटरचा घेतला, त्यात दीडशेच्या आसपास अणू. कवचाचे तीन थर, दोन नॅनोमीटर. चार गेले. सिस्टीनची बंडी दोन्ही बाजू मिळून दीड. झाले साडेपाच. हाती शून्य. यात चौथा थर बसत नाही, कर्करोगाच्या पेशीला जाऊन चिकटेल अशी खूण बसत नाही. आणि दोन नॅनोमीटरचा गाभा इलेक्ट्रॉनला इतका आवळतो की इंडियम आर्सेनाइड असूनही उजेड पहिल्या खिडकीतच येतो. दुसऱ्या खिडकीत, १३०० च्या जवळ जायचं तर गाभाच पाच-सहा नॅनोमीटरचा लागतो. म्हणजे पोशाख आणि कवचाच्या आधीच खातं उणे.

या क्षेत्रातले शोधनिबंध चाळताना, कोणी किती चमक मिळवली यापेक्षा त्यांनी हे नॅनोमीटर कुठे खर्च केले हे बघावं, असं माझं मत झालंय. कारण सगळं एकत्र कुणालाच मिळालेलं नाही. जो तो आपलं गिऱ्हाईक ठरवतो.

एक गिऱ्हाईक असं होतं की त्याला मोठाच कण हवा होता. स्तनाच्या कर्करोगात गाठीतून निघालेल्या पेशी लसिकेच्या (लिम्फच्या) प्रवाहाबरोबर ज्या ग्रंथीत आधी पोचतात, त्या पहिल्या ग्रंथीला पहारेकरी ग्रंथी म्हणतात. ती शोधून तपासली की काखेतल्या बाकीच्या सगळ्या ग्रंथी काढायच्या की नाहीत ते ठरतं. इथे कण इतका लहान नको की पहिली ग्रंथी ओलांडून पुढे पळेल, इतका मोठा नको की टोचल्या जागीच बसेल. २००४ मध्ये याच दोन गटांनी पोशाखासकट १५ ते २० नॅनोमीटरचे कण घेऊन डुकरावर प्रयोग केला. गाभा कॅडमियम टेल्युराइडचा, कवच कॅडमियम सेलेनाइडचं, आणि इथे एक सुंदर युक्ती होती. या जोडीत कवच भिंतीचं काम करत नाही. इलेक्ट्रॉन कवचात जाऊन राहतो आणि त्यानं सोडलेली रिकामी जागा गाभ्यात राहते. इलेक्ट्रॉन कवचाच्या उंबऱ्यावरून थेट गाभ्याच्या तळात उडी मारतो, आणि ही तिरकी उडी दोन्ही पदार्थांच्या सरळ उड्यांहून बुटकी असते. कॅडमियम टेल्युराइडची स्वतःची मर्यादा १२४० भागिले १.५, म्हणजे ८२७, सेलेनाइडची ७१३. कण चमकला ८५० ला. त्वचेखाली एक सेंटिमीटर खोल असलेली ग्रंथी शस्त्रक्रियेच्या टेबलावर, पडद्यावर चालू चित्रात दिसली.

दुसरं गिऱ्हाईक उंदरांचे अभ्यासक. उंदराला पुढची वीस वर्षं जगायचं नसतं, त्यामुळे त्यांनी मूत्रपिंडाचा हिशेबच बाजूला ठेवला. २०१७ मध्ये ऑलिव्हर ब्रन्स, बावेंडी आणि सहकाऱ्यांनी इंडियम आर्सेनाइड, कॅडमियम सेलेनाइड, झिंक सेलेनाइड अशा तिपेडी कणांचे पोशाख बदलून तीन कामं केली. फॉस्फोलिपिडचा झब्बा घातलेले कण रक्तात बराच वेळ फिरत राहिले, तर भूल न दिलेल्या उंदराचे हृदयाचे ठोके आणि श्वास बाहेरून मोजता आले. भूल दिली की ठोके बदलतात, म्हणून जागेपणी मोजणं मोलाचं. काही कण चरबी वाहून नेणाऱ्या लिपोप्रोटीनमध्ये बसवून, कोणता अवयव चरबी किती उचलतो ते पाहिलं. आणि कणांचे एकत्र बांधलेले मोठे गोळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांत सोडून, एकेका गोळ्याचा माग काढत रक्ताचा वेग कुठे किती आहे याचा नकाशा केला.

या चित्रांसाठी साधा कॅमेरा चालत नाही. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, डोळ्याला न दिसणारा दिवा पडद्यावर बहुधा जांभळट लुकलुकेल. तो ९४० च्या आसपासचा असतो आणि कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला तिथवर दिसतं. ११०० च्या पुढे सिलिकॉन आंधळं. तिथून इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा कॅमेरा लागतो, आणि तो प्रयोगशाळेच्या खरेदी-समितीत बराच वेळ चर्चेत राहतो.

विषाचं काय

कवचाला आणखी एक काम आहे, सारण आत ठेवण्याचं. यकृताच्या पेशींवर २००४ मध्ये झालेल्या एका प्रयोगात कॅडमियम सेलेनाइडचे कण हवेनं किंवा अतिनील प्रकाशानं गंजले की कॅडमियम सुटतं आणि पेशी मरतात, हे दिसलं. झिंक सल्फाइडचं कवच असेल तर ते बरंच कमी होतं. बरंच कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि महिनोन्‌महिने आत राहणाऱ्या कणाच्या बाबतीत हा फरक मोठा. अशा धातूंचे कण माणसात टोचले जातील असं मला लवकर तरी वाटत नाही.

म्हणून काही जण सिल्व्हर सल्फाइडकडे वळले. चांदी निरुपद्रवी नाही, पण शिसं-कॅडमियमच्या पंक्तीतलीही नाही. काही जण दुर्मिळ मृदा धातूंकडे. सोडियम यिट्रियम फ्लोराइडच्या स्फटिकात इटर्बियम आणि अर्बियमचे अणू पेरले की इटर्बियम ९८० चा प्रकाश गोळा करतं आणि अर्बियम १५५० च्या आसपास सोडतं. हा रंग अणूचा स्वतःचा, कणाचं माप बदलून बदलत नाही. तरी कवच इथेही सुटत नाही. अर्बियमचा अणू पृष्ठभागाजवळ असला की पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध त्याची ऊर्जा खाऊन टाकतो, म्हणून काही न पेरलेल्या त्याच फ्लोराइडचा थर वरून देतात. सारण आणि पारी एकाच पिठाची, त्यामुळे मापं जुळवायची डोकेदुखी नाही. उजेड मात्र मंद आणि सावकाश: एकदा उत्तेजित झालेला अणू मिलिसेकंदांच्या हिशेबात वेळ घेतो, तिथे क्वांटम डॉट सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात मोकळा होऊन पुढच्या फोटॉनला तयार असतो.

दुसऱ्या खिडकीसाठी इतकी वर्षं कण बनवणाऱ्या एमआयटीच्या त्याच गटानं २०१८ मध्ये कणांसाठी आणलेला तो महागडा कॅमेरा जुन्या इंडोसायनिन ग्रीनवर रोखून पाहिला. रंगाचं शिखर ८३० लाच होतं, पण त्याच्या उजेडाची एक लांब शेपटी १००० च्याही पुढे गेलेली निघाली, आणि उंदराच्या रक्तवाहिन्या तिच्या उजेडात स्वच्छ दिसल्या. १९५९ पासून दवाखान्यांत मिळणारा रंग. त्याला तिथे बघण्याजोगा कॅमेरा तोवर फारसा कुणी लावलाच नव्हता.